सुनेच्या उंचीचा ओटा

किचन बदलायचं ठरलं की माणसं आधी फोटो जमवतात. मग रंग ठरतो, मग घरात एखादं भांडण होतं, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न येतो की काम द्यायचं कुणाला. खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा. नारायणगावातल्या एका किचन ट्रॉलीच्या दुकानात मी गेली काही वर्षं मापं घेते आणि ड्रॉइंग काढते. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नात, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या कँटीनमध्ये, कुठेही विचारला जातो. "विश्वास कुणावर ठेवायचा गं?" विचारणाऱ्याला वाटतं की मी आमच्याच दुकानाचं नाव सांगणार. मी सांगतेही. पण सांगताना मला पिंपळवंडीच्या हौसाबाई आठवतात.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. माझं अजून शिक्षणही संपलेलं नाही. त्यामुळे हे लिहायला घेताना संकोच वाटतो. माझं गाव शिनोली. वडील भाजीची पिकअप चालवतात, आई शाळेत मुलांचा भात शिजवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. शिनोलीहून रोज येणं-जाणं जमेना म्हणून नारायणगावात खोली घेतली, आणि खोलीचं भाडं निघावं म्हणून काम शोधलं. त्या खोलीत टोमॅटोचा क्रेट पालथा घालून त्यावर गॅसची शेगडी ठेवली आहे. कॉलेज सुटलं की मी लोकांची स्वयंपाकघरं आखते आणि संध्याकाळी त्या क्रेटपुढे बसून एकटीपुरता भात लावते. एकटीपुरता भात नीट होत नाही, हे मला या खोलीत कळलं. तांदूळ एवढे थोडे असतात की ते शिजतात कमी आणि करपतात जास्त.

दुकान रशीदचाचांचं. त्यांच्या घरात जुन्नरला पिढ्यान् पिढ्या सुतारकाम चालत आलंय. दारं, खिडक्या, पलंग करता करता ते ट्रॉल्यांकडे वळले. मी मंचरला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा क्लास केला होता, तेवढ्या जोरावर त्यांनी मला ठेवलं आणि माझ्या नावाचं कार्डही छापलं. त्यावर 'किचन डिझायनर' असं लिहिलं होतं. पहिले काही महिने मी ते कार्ड कुणाला दिलंच नाही. स्कूटीवरून उतरले की गिऱ्हाईक माझ्या मागे बघायचं आणि विचारायचं, "डिझायनर येतायत का मागनं?"

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही रंग आणि कपाटं निवडतो. ते शेवटचं. आधी भिंत सरळ आहे का ते बघायचं, आणि आपल्याकडे ती सहसा नसते. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, सिलेंडर कोण उचलणार, हे विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओट्याची उंची. ओटा भिंतीच्या मापाने होत नाही, बाईच्या कोपराच्या मापाने होतो. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या चार-सहा बोटं खाली ओटा यायला हवा. भाजी चिरायला थोडा उंच चालतो. भाकरी थापायला मात्र खालीच लागतो, कारण तिथे खांद्याचा जोर लागतो. उंच ओट्यावर भाकरी थापणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात आणि तिला वाटतं की आपलं वय झालं.

विचित्र गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. महाळुंगे पडवळला एका घरात धूर ओढणारी मोठी चिमणी बसवून घेतली आणि सगळा स्वयंपाक पूर्वीसारखा मागच्या पडवीत चुलीवर चालू राहिला. महिनाभराने मी गेले तर चिमणीला हार घातलेला. घरच्या आजी म्हणाल्या, "एवढी मोठी हाय, तिला काय तरी काम नको का?" एका घरी नवरा मला मापं सांगत होता आणि बायको त्याच्या मागे उभी राहून नुसती मान हलवून 'नाही नाही' म्हणत होती. मी तिचं ऐकलं. काम झाल्यावर नवरा म्हणाला, बघा, मी सांगितलं तसं केलं की कसं झकास होतं.

रशीदचाचांचं म्हणणं असं की नवं काम कुणाचंही चमकतं. "बेटा, ज्याला काम द्यायचंय त्याचं चार वर्षं वापरलेलं किचन बघायचं. तिथं जाऊन सिंकखालचं दार उघडायचं. तिथं वास आला, प्लाय फुगलेला दिसला, की चहा पिऊन परत यायचं." हे मी सगळ्यांना सांगते. पण हौसाबाईंची रीत वेगळी होती.

हौसाबाई साठीच्या पुढच्या. घराणं धनगरांचं. सासऱ्यांच्या काळात मेंढ्यांचा मोठा कळप होता, नवऱ्याने तो मोडून बागायत केली. नवरा वारला. मुलगा बाळासाहेब पुण्याला कंपनीत, सून अश्विनीही नोकरी करते, त्यांना एक लहान मुलगी. पिंपळवंडीच्या रस्त्याकडेच्या त्या चांगल्या ऐसपैस घरात हौसाबाई एकट्याच. मुलाने फोनवरून सांगितलं होतं की आईचं किचन नवं करायचंय, पण माणूस आईनेच निवडायचा.

मी गेले तेव्हा त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाल्या, "बग तू. मी जरा शेरडाला पाला टाकून येते." आणि गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी टेप हातात घेऊन नुसती उभी. काळ्या कडाप्प्याचा जुना ओटा, लाकडी फडताळ, एकावर एक रचलेले डबे. काही उघडून बघायचं तर घरात कुणी नाही. शेवटी मी खिडकीची रुंदी तेवढी मोजली आणि पुन्हा उभी राहिले.

त्या आल्या, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तूच कर काम."

मी म्हटलं, "मावशी, मी अजून काही दाखवलंच नाही."

"दाखवनारं दोन येऊन गेलं. पोरानं पुन्यावरनं धाडलेला एक व्हता. मी भाईर गेले न्हाई तोच त्यानं समदी कपाटं उघडली, डबं हलवून बघितलं. दुसरा फोनवर बोलत व्हता, माज्या पिठाच्या डब्यावर बसून. माजा सासरा मेंढरं राखाया गडी ठेवायचा ना, तर त्याला काय इचारायचा न्हाई. मेंढरांच्या वाड्यात सोडायचा आन लांब बसून बगायचा. मेंढरं बिथरली की गड्याला जेवाया घालून वाटंला लावायचा."

"म्हणजे तुम्ही बघत होता?"

"खिडकीतनं. तू कशाला हात लावला न्हाईस."

आता खरं असं की डबे हलवून बघणं हे आमचं कामच आहे. कोणत्या डब्याची उंची किती, तेल कुठे ठेवतात, परात केवढी आहे, हे बघितल्याशिवाय कप्पे ठरत नाहीत. पुण्याचा तो माणूस त्याचं काम नीट करत होता. मी धीर नसल्यामुळे उभी राहिले होते. मी हे हौसाबाईंना सांगितलंही. त्या हसल्या. "मेंढराला कुठं कळतं गडी भितोय का गुनी हाय. ते बिथरलं न्हाई म्हंजी झालं."

अशा रीतीने माझी निवड झाली. कुणी आपल्यावर विश्वास ठेवला की बरं वाटतं हे मी ऐकून होते. मी मात्र परत येताना वाटेत स्कूटी थांबवून वहीतलं खिडकीचं एकुलतं एक माप पुन्हा बघितलं.

दुसऱ्या खेपेला ओट्याची उंची घ्यायला गेले. म्हटलं, "मावशी, हात असा वाकवून उभ्या राहा."

"माजं कशाला? सुनंचं माप घे."

"त्या आल्यात का?"

"आता न्हाई. पन येनार हायत. बाळ्या म्हनलाय, घर नीट केलं की आमी इकडंच येऊन राहतो. काम काय, कंप्युटरवर घरनं बी व्हतं. पोरीला हितल्या शाळेत घालू म्हनला." मग त्यांनी आपल्या कपाळाच्याही वर हात धरला. "एवढी हाय अश्विनी. लई उंच. हितं आली की वाकून वाकून तिची कंबर धरती. दोन दिसांत माघारी जाती ती त्यापायीच. मी बगते ना."

"पण रोज तर तुम्हीच उभ्या राहणार."

"माजं काय, मी पाटावर हुबी राहीन."

त्या इतक्या खुशीत सगळं सांगत होत्या. नातीची पाण्याची बाटली इथे, सुनेचा मिक्सर तिथे, पोळ्यांचं पीठ वेगळं, कारण ती भाकरी खात नाही. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नाही. मी म्हटलं, अंदाजाने माप घेणं बरं नाही, मी सूनबाईंनाच फोन करून विचारते. "इचार की," म्हणाल्या आणि नंबर दिला.

अश्विनीताई फोनवर फार चांगलं बोलल्या, हे आधी सांगते. मी कोण ते सांगितलं आणि त्यांची उंची विचारली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला? आईंच्याच मापाने कर ना."

"त्या म्हणतात तुम्ही इथे राहायला येणार आहात."

पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग त्या हळू बोलायला लागल्या. "हे तसं म्हणाले होते, खोटं नव्हे. मागच्या वर्षी खरंच विचार होता. आता यांची कंपनी बाहेर पाठवतेय, देशाबाहेर. काही वर्षं तरी. जायच्या आधी आईंना सगळं नीट करून द्यायचं म्हणून तर हे किचन काढलंय. आईंना अजून सांगितलं नाही. हे सांगणारेत, नीट वेळ बघून. तू नको सांगूस हां, प्लीज."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

म्हणजे मुलगा जाताना द्यायचं म्हणून किचन करत होता, आणि आई मुलाने यावं म्हणून करत होती. ड्रॉइंग एकच होतं आणि ते माझ्याकडे होतं.

हे बोलायला कुणी नव्हतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, जेवलीस का, आणि मग पिकअपच्या टायरचं सांगत बसली. कॉलेजातल्या मैत्रिणींना ओट्याच्या उंचीत एवढं काय, ते कळलं नसतं. शेवटी रशीदचाचांना सांगितलं. ते लॅमिनेटची कड घासत होते. घासणं न थांबवता म्हणाले, "घरातली गोष्ट घरात राहू दे. गिऱ्हाईक बोलेल ते माप. बाई म्हणते सुनेचं, तर सुनेचं."

"चाचा, ती बाई पुढची सगळी वर्षं पाटावर उभी राहून भाकरी थापेल. कुणी येणार नसताना."

आता ते थांबले. "तू सांगितलं तर मुलगा चिडेल. नाही सांगितलं तर बाईची पाठ जाईल. मी सुतार आहे बेटा. मला फक्त इंच सांग, मी कापतो."

चाचांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ग्रॅनाईट एकदा बसला की ओटा खाली-वर करता येत नाही, त्यामुळे इंच मला सांगावाच लागणार होता.

मी पुन्हा पिंपळवंडीला गेले. वाटेत ठरवलं होतं की काही सांगायचं नाही, पण सुनेचं माप मिळालं असं खोटंही बोलायचं नाही. आमची एक पद्धत आहे. विटा रचून त्यावर फळी ठेवायची आणि बाईला प्रत्यक्ष काम करायला लावायचं. फळीखाली टाइलचे तुकडे घालत काढत उंची ठरवायची. मी अंगणातून विटा आत आणायला लागले.

हौसाबाई बघत होत्या. "फोन लागला का तिला?"

"लागला."

"मंग सांगितलं न्हवं तिनं माप?"

"त्या म्हणाल्या, आईंच्याच मापाने कर."

"आनि?"

मी फळी ठेवली. ती हलत होती म्हणून एक तुकडा सरकवला. तो सरकवायला जरा जास्तच वेळ घेतला. "बाकीचं तुम्हाला बाळासाहेब सांगतील, मावशी."

बाहेर शेरडू ओरडत होतं. हौसाबाईंनी खिडकीतून त्याला एक शिवी घातली, साधीच, रोजची. मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "मेंढरू बाजारात न्यायचं ठरलं की नाय, आदी चार दिस त्याला हिरवं जास्त मिळतं. मेंढराला वाटतं, मालक लई मायाळू झाला." त्यांनी फळी हाताने दाबून बघितली. "बाळ्या एकदम किचन करून देतो म्हनला, तवाच मला जरा वाटलं व्हतं. बाळ्याला कवा सुचलं नव्हतं असलं."

"मावशी, मी काही..."

"तू कुटं काय बोललीस? तुला कशाला दोष." त्यांनी पदर खोचला. "लांब जात्यात का?"

मी मान खाली घातली. ती हलवली नाही, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग घे माजं माप. पन रिकाम्या हातानं मला न्हाई कळायचं."

त्यांनी परात आणली, बाजरीचं पीठ घेतलं, पाणी घेतलं आणि त्या फळीवर मळायला लागल्या. "उंच हुतंय," म्हणाल्या. मी एक तुकडा काढला. "आजून." आणखी एक काढला. पहिली भाकरी थापून झाली तेव्हा त्यांचे खांदे सैल झाल्याचं मला दिसलं. मी भिंतीवर खडूने रेघ ओढली. त्या थांबल्या नाहीत. गोळे घेत गेल्या आणि थापत गेल्या. फळी फार खाली वाटत होती मला, बाकीच्या घरांपेक्षा कितीतरी खाली. तरी तिथेच रेघ ओढली होती. परातीतलं पीठ संपेपर्यंत त्यांनी भाकरी केल्या. एकटीला एवढ्या कशाला लागतात हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त निघताना चार भाकरी फडक्यात बांधून मला दिल्या आणि म्हणाल्या, "खोलीवर काय खातीस कुनास ठाऊक."

काम ठरल्याप्रमाणे झालं. चाचांनी रेघेवरच कापलं. खालच्या ओट्याखाली नेहमीच्या ट्रॉल्या बसत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या वेगळ्या करून दिल्या, जरा कुरकुरत. दरम्यान कधीतरी बाळासाहेबांनी आईला सांगितलं. कसं सांगितलं, त्या काय म्हणाल्या, मला माहीत नाही. किचन पूर्ण झाल्यावर त्यांचा मला फोन आला, तेव्हा ते एवढंच म्हणाले की ओटा फोटोत खूप खाली दिसतोय, तुमचं माप चुकलं नाही ना? मी म्हटलं, आईंना विचारा. त्यांनी विचारलं असणार, कारण पुन्हा फोन आला नाही.

अश्विनीताईंनी फोन केला नाही. मी त्यांना शब्द दिला होता आणि तो मी पाळला की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांना काय वाटतं तेही माहीत नाही. खोलीत भात करपत असतो तेव्हा कधी कधी मी त्यांच्याशी मनातल्या मनात बोलते. पण बोलणं पुरं होत नाही.

एवढं सांगून मी मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो विचारणारे अजून विचारतातच. विश्वासाचा डिझायनर कसा ओळखावा? सिंकखालचं दार उघडा. जुनं काम बघा. घरात स्वयंपाक कोण करतं हे त्याने विचारलं का, ते बघा. हौसाबाईंची रीत मी कुणाला सांगत नाही, कारण त्या रीतीने त्यांनी एक चांगला माणूस घालवला आणि एक भित्री मुलगी ठेवली. मला फक्त एवढं कळतं की कुणी विश्वास टाकला की त्या घरातलं जे दिसेल ते बरोबर घेऊन फिरावं लागतं. त्याची वाटणी करायला कुणी मिळत नाही. चाचाही नाहीत, आईही नाही.

मुलगा, सून आणि नात परदेशी जाण्याआधी पिंपळवंडीला राहायला आले होते, चांगले आठवडाभर. ते गेल्यावर हौसाबाईंचा फोन आला. एरवी त्या फोनवर मोठ्याने बोलतात. त्या दिवशी हळू बोलत होत्या.

मी विचारलं, "किचन आवडलं का त्यांना?"

"आवडलं की. पोरगी तर ट्रॉलीत बसत व्हती. बाळ्या वरडला तिला." मग म्हणाल्या, "अश्विनी रोज समद्यांचा सैपाक करायची. मला हात लावू दिला न्हाई. लई वाकावं लागायचं गं तिला. सांजंला कंबरंला हात लावून हुबी राहायची."

"काही म्हणाल्या का?"

"न्हाई. काय म्हननार? एकदा मीच म्हनले, ओटा तुला खाली हुतोय. तर म्हनली, आई, तुमाला बरोबर होतोय ना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्या स्वयंपाकघरातूनच बोलत होत्या.

"हो म्हनले," हौसाबाई म्हणाल्या. "बरोबर होतोय म्हनले. आता होतोय तर काय सांगू."